राजूर घाट आणि आरपीएमचा काटा

९ फेब्रु.
पुन्हा तेच. मोताळ्याहून येताना राजूर घाटात गाडी बंद पडली. दुसऱ्या गिअरमध्ये बरी चढवत होते, तर हे शेजारून ओरडले, "काटा पाह्य, काटा! लालवर चालला! तिसरा टाक!" टाकला तिसरा. गाडीने आचके दिले आणि गप्प. मागे एसटी खोळंबली. शेवटी तिच्यातला एक दाढीवाला प्रवासी उतरून आला, "सरका काकू." त्याने दुसऱ्यातच सरळ वर नेली. काटा लालवरच होता. हे मागच्या सीटवर. अवाक्षर नाही.
मला ओरडतात, त्याला का नाही?

११ फेब्रु.
थोरल्या बहिणीचा, शोभाताईचा फोन. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून एकटीच पडून असते मोताळ्याला. "येतं ना गं बावीस तारखेले?" हो म्हणाले. फोन ठेवला तर ह्यांचं सुरू, "आता घाट नको. तुह्या हातानं एक दिवस इंजिन बसन." काचबिंदूमुळे ह्यांना समोरचं तेवढं दिसतं, कडेचं नाही; डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद केलं, तेव्हापासून गाडी माझ्याकडे. एसटीने जायचं तर ह्यांना घरी एकटं टाकवत नाही, आणि हे एसटीत बसत नाहीत. म्हणजे घाट नाही तर ताई नाही.
जीव जळला नुसता. मला खरंच जमत नाही का?

१२ फेब्रु.
सकाळी अंगणातच गाडी चालू करून बसले. काटा तेराशेवर. लग्न झाल्यापासून ऐकतेय, "उभी असली का नऊशे." हा आरपीएम मीटर, इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणारा, ह्यांनी तरुणपणी हौसेने आणून डॅशबोर्डवर वेगळा बसवलेला. बायकोपेक्षा लाडका. इंजिनचा आवाज नेहमीचाच, शांत. मग काटा का चढलाय?
दिवाळीत वायरिंगला गाडी गॅरेजवाल्या सलीमकडे होती. मीटर त्याने उतरवला होता. असे जुने मीटर शौकीन लोक शोधत फिरतात म्हणे. बदलला असेल तर?
गाडी गॅरेजला द्यायच्या आधी आमच्याकडे प्रत्येक वस्तूवर नेलपॉलिशचा ठिपका देतो, बदलाबदली कळावी म्हणून. बॅटरी, स्टेपनी, जॅक, सगळ्यांवर माझा लाल ठिपका आहे. मीटरला दिला होता का? दिला असेल तर पाठीवर. आठवत नाही.
काढून बघते म्हटलं, तर हे, "हात नको लावू. नाजूक हाय ते."

१३ फेब्रु.
दोघं सलीमकडे. शाळेत माझाच विद्यार्थी हा. गिऱ्हाइकं बसलेली, तरी तोंडातून गेलंच. "सलीम, आमचा मीटर काय केला?"
चेहरा उतरला त्याचा. "बाई, तुमीच शिकवलं मले. तुमचा मीटर बदलून मी कुठं जाऊ?"
"मंग काटा खोटं काऊन दाखवते?"
"अर्थिंग पाहा लागन. ठेवून जा गाडी."
ठेवून जा! म्हणजे आणखी एक संधी. नाही ठेवली.
सलीम ह्यांच्याकडे बघत होता, हे काहीतरी बोलतील म्हणून. हे फक्त "पाहू, पाहू."

१६ फेब्रु.
मीच बघायचं ठरवलं. विज्ञान काय फक्त पोरांना शिकवायला होतं?
बॅटरीची टोकं घासली. अर्थिंगचा नट गंजला होता, साफ करून आवळला. काटा तिथेच. हेडलाइट लावून पाहिले, हॉर्न वाजवला. ढिम्म.
मग फोनवर वारंवारता दाखवणारं अॅप घेतलं. त्याचा तरी काय भरवसा, म्हणून आधी त्याच्यासमोर नादकाटा वाजवला, निवृत्तीच्या वेळी प्रयोगशाळेतून आठवण म्हणून मिळालेला. बरोबर दाखवलं. मग फोन सायलेन्सरपाशी, आणि हे पेडलवर. "हे काय करून राह्यली?" तीनदा विचारलं ह्यांनी.
आवाजाच्या वारंवारतेवरून फेऱ्यांचं गणित केलं. उभी गाडी खरी नऊशे, मीटर तेराशे. खरे दोन हजार, तर मीटर तीन हजाराच्या जवळ. दरवेळी साधारण दीडपट. बिघडलेली वस्तू कधी जास्त दाखवते, कधी कमी. ही तर एकाच मापाने खोटं बोलतेय, पढवून ठेवलेल्या साक्षीदारासारखी.
म्हणजे घाटात इंजिनला काहीच होत नव्हतं. मी बरोबर चालवत होते! इतके दिवस!
ह्यांना सांगितलं. "फोन खोटा असन."

१८ फेब्रु.
हे कटिंगला गेले तेवढ्यात मीटर उतरवला. दोनच नट. पाठीवर माझा लाल ठिपका. मीटर आमचाच. सलीमने काही बदललं नाही. चार माणसांत बोलले त्याला.
मग दिसलं. काटा जुळवायचा बारीक पेच असतो, त्याच्यावर दुसरा ठिपका, पेच हलू नये म्हणून दिलेला. जांभळा. जांभळी बाटली मी जानेवारीत आणली, भाचीच्या लग्नाला. त्यानंतर गाडी एकदाही गॅरेजमध्ये ठेवलेली नाही. ठिपका पेचाबाहेर पसरलेला, नीट दिसत नसताना दिलेला.
घरात आम्ही दोघंच.
मीटर होता तसा बसवून ठेवला.

१९ फेब्रु.
परीक्षेत कॉपी पकडली की तिथल्या तिथे जाब विचारायचे. आज नुसत्या पोळ्या लाटत राहिले.
काळजीपोटी केलं असेल? की मला जमू नये म्हणून? आणि सलीमसमोर गप्प राहिले, ते जास्त लागलंय. त्या पोराचा चेहरा बघून तरी बोलायचं होतं.
जेवताना विचारणार होते. हे ताटात ठेचा कुठे आहे ते बोटाने चाचपत होते. नाही विचारलं. राग आहेच.

२२ फेब्रु.
पहाटे पेच फिरवून काटा नऊशेवर आणला. जांभळा खरवडून टाकला, वर माझा लाल. ह्यांना म्हटलं, "मोताळ्याला चाललो. बसा." का कोण जाणे, बसले.
ताई रडली आणि हसली. तिच्या हातचा चहा, उभं राहून केलेला.
येताना घाट. दुसऱ्यात. काटा लालपासून लांब. हे पुन्हा पुन्हा वाकून बघत होते. ओरडायला काही उरलंच नव्हतं. वर आलो, गाडी कडेला घेतली.
मी विचारलं, "पेच कोनं फिरवला होता?"
ह्यांनी काच खाली केली. मग खिडकीकडे तोंड करून, "तुले घाट जमला का मंग मी कायले लागतो?"
रडू आलं आणि चीडही आली, दोन्ही एकदम. म्हटलं, "सलीमले तुमी सांगा. माहं मी नंतर बोलीन त्याच्याशी." हे "हाव" म्हणाले. इतक्या लवकर हाव?

२४ फेब्रु.
गॅरेजसमोर थांबले. "उतरा." उतरले. मी गाडीतच, काच वर.
हे बोलत होते, सलीम पाना हातात धरून ऐकत होता. मग एकदम मोठ्याने हसला. हेही हसले. आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं.
येऊन बसले.
"सांगतलं?"
"सांगतलं."
"काय सांगतलं?"
"जे सांगाचं ते. चाल आता."
कबूल केलं, की बाई म्हातारपणी संशयी झाली म्हणून वेळ मारून नेली? सलीमने हात केला. मीही केला.
गिअर टाकायच्या आधी मीटरच्या मागे बोट घालून पाहिलं. पेचावरचा ठिपका कडक, जागच्या जागी. ह्यांना ते दिसलं की नाही, कळलं नाही.