बारोलो आणि माझं नाक

सोमवार, ५ जानेवारी

मालक मारुतीरावांनी आज सगळ्यांसमोर जाहीर केलं — सतराला, शनिवारी, हॉटेलात इटालियन वाइनची मेजवानी. वीस पाहुणे. वास-चव समजावून सांगणार नागेंद्र, म्हणजे मी. जमलं तर खानापूर रोडच्या नव्या शाखेचा मॅनेजरही मीच. मी मान हलवली. वेटरचा कॅप्टन होईपर्यंत एवढंच शिकलो — आधी मान हलवायची.

अडचण एकच. कोविडपासून मला वास येत नाही. पाच वर्षं होत आली. मालकांना ठाऊक नाही. बायको पूर्णिमालाही सांगितलेलं नाही. आणि मी वाइन हुंगून दाखवणार!

मंगळवार, ६ जानेवारी

सरावाला एक बाटली मिळाली. बारोलो. रंग फिकट, कोकम सरबतासारखा. वाटलं, बिचारी अशक्त दिसते. एक घोट घेतला आणि कच्चं जांभूळ खाल्ल्यागत जीभ टाळूला चिकटली. सोबतच्या कागदावर लिहिलंय — गुलाब, डांबर, तंबाखू. मला डांबर रस्त्यावर दिसतं तेवढंच.

बुधवार, ७ जानेवारी

पूर्णिमापुढे ग्लास धरला. ती घेत नाही, घेणारही नाही. म्हटलं, तुझ्या नाकाची परीक्षा. काय लबाड माणूस मी! तिने डोळे मिटून हुंगलं. ती निपाणीची, वडील तंबाखूच्या वखारीत कामाला होते.

"आप्पा वखारीतनं आले की त्यांच्या सदऱ्याला यायचा, तसला वास हाय," ती म्हणाली. "आणि मागनं सुकलेल्या गुलाबाचा."

पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो आणि दोन्ही वाक्यं तळहातावर लिहून घेतली.

शनिवार, १० जानेवारी

सोबत काय खायचं, हे मात्र जिभेचं काम. तिथे माझं चालतं.

तांबडा रस्सा — तोंडात जाळ. उचकी लागली, पूर्णिमाने पाठीत धपाटा घातला. बेळगावचा गोड कुंदा — त्याच्यावर वाइन कडूजहर. भरलं वांगं — बरं. मग कमी तिखटाच्या मटणातली नळी चोखली, वर घोट घेतला. तुरटपणा गेला कुठे? वाइन एकदम मऊ. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. कोविडनंतर जेवणात पहिल्यांदाच एवढी मजा आली. नळी हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिलो. पूर्णिमा म्हणाली, ती कधीच संपली, आता नुसतं हाड चोखताय.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. उरलेल्या घोटाबरोबर तिळगूळ खाल्ला. दोघांचाही अपमान.

रविवार, १८ जानेवारी, सकाळ

कालची गोष्ट आज लिहितोय. काल लिहिण्याची हिंमत नव्हती.

सुरुवात झकास झाली. वखारीतून आलेल्या माणसाचा सदरा, असं म्हटल्यावर निपाणीच्या दोन पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. नळी आली, वर घोट गेला, वीस माणसांनी पुन्हा नळी उचलली. मारुतीराव माझ्याकडे बघून हसले. मी तेवढ्यात मनातल्या मनात नव्या शाखेचे पडदेसुद्धा निवडले.

मग तिसरी बाटली उघडली. बूच नाकाशी धरलं, जाणकारासारखी मान डोलावली, ओतली. पाहुण्यांतल्या डॉक्टर प्रियदर्शनी मॅडमनी ग्लास खाली ठेवला.

"नागेंद्र, ही खराब आहे," त्या हळूच म्हणाल्या. "ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. तुम्ही हुंगली होती ना?"

आणि मी काय म्हणालो? मॅडम, तो तिकडच्या डोंगरातल्या मातीचा गंध, खास लोकांनाच कळतो.

मग एकेकाने हुंगलं. एकेकाने ग्लास ठेवला. कुणी हसलंही नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. मालक एवढंच म्हणाले, सोमवारी अकरा वाजता भेट.

पडदे गेले. बहुतेक नोकरीही.

सोमवार, १९ जानेवारी, सकाळ

आधी पूर्णिमाला सांगून टाकलं. ती मेथी निवडत होती. मान वर केली नाही.

"ठाऊक हाय मला. चार वर्सं झाली. गॅस गळत होता आणि तुम्ही सिलिंडरला टेकून पेपर वाचत बसलेला."

मग बोलली का नाहीस?

"तुम्ही लपवत होता नव्हं. म्हटलं, लपवू दे."

अकराला मालकांकडे जायचंय. ती साडी बदलून माझ्याआधी दारात उभी आहे. म्हणते, हुंगायला मी हाय नव्हं.