आईचा ओटा आणि माझे साठ दिवस

७ जानेवारी २००२. पाचूबंदर
व्हिसा आला. थायलंड, टुरिस्ट, साठ दिवस. गल्लीत सांगितलंय फिरायला जाते. खरं फक्त दोघांना ठाऊक, आई आणि गोखिवऱ्याच्या क्लासचे सर. तिकडे इंग्लिश शिकवायचं काम शोधणार.

सर हसले. सहा वर्षं त्यांच्याकडे शिकवते, पण नुसतं ग्रामर. स्पोकनच्या बॅचला कधी उभं केलं नाही. आज कारण तोंडावर सांगितलं. "ग्रामर तुझं एक नंबर. पण बोलायला लागलीस की मच्छीबाजार भरतो. तिकडे त्यांना गोरे मिळतात, तुला कोण घेणार?" मी क्लासच्या चाव्या टेबलावर ठेवल्या आणि निघाले. रिक्षात रडले. स्टेशन येईपर्यंत संपवलं.

९ जाने.
आईला मनवायला दोन तास. बाजारातला तिचा मासळीचा ओटा आजीचा, त्याआधी पणजीचा. आमच्याकडे ओटा आईकडून लेकीकडे जातो. चार दिवस रिकामा राहिला की दुसरीची टोपली येऊन बसते. आईचे गुडघे गेलेत, मावशीची जेसिंता ओटा कधीची मागतेय. आई देत नाही. लेक आहे ना घरात! लेक बी.ए. झाली हे तिच्या लेखी दुखणं, आज ना उद्या बरं होईल असं.

शेवटी म्हणाली, "दोन महिने मी बसते, गुडघे तुटले तरी. काम मिलला तं रहा तिकडं. नाय मिलला तं गुपचूप येवून वट्यावर बसाचं. मंग इंग्लिशचं नाव काडाचं नाय."

घरातल्या येशूच्या आल्तारासमोर उभं करून हो म्हणवून घेतलं. म्हणाले. परत आले तर शब्द मोडता यायचा नाही.

१५ जाने. बँकॉक
पोचले. विमानतळावर एकाने बॅग उघडायला लावली. आईने सुके बोंबील कोंबलेत, तीन पिशव्यांत. त्याने नाक धरलं, चेन लावली, हाताने जा म्हणाला.
गेस्टहाउसच्या खोलीला खिडकी नाही. आज दिवस पहिला.

२६ जाने.
अकरा ठिकाणी जाऊन आले. फोनवर सगळं गोड. समोर गेलं की चेहरा बघतात, पासपोर्ट बघतात, मग "कळवतो." एका बाईंनी निदान सरळ सांगितलं की पालकांना गोरा चेहरा लागतो. राग आला, पण त्यांनी चहा दिला, प्याले.
गेस्टहाउसमध्ये एक ऑस्ट्रेलियन आहे, आपल्या देशात फरश्या बसवायचा. त्याला तिसऱ्या दिवशी शिकवायचं काम. आज मलाच विचारतो, प्रेझेंट परफेक्ट म्हणजे काय. उद्या त्याचा क्लास आहे म्हणे!

२७ जाने.
शिकवलं त्याला. दीड तास. गुणी होता बिचारा, वही घेऊन बसला. निघताना म्हणाला, दक्षिणेला जा, बंदरांच्या गावांत. आमच्यासारखे तिकडे टिकत नाहीत, वास येतो म्हणून.
वास म्हटल्यावर कान टवकारले.

५ फेब्रु. सोंगखला
रात्रभर बस. उतरले आणि नाकानेच बंदर शोधलं. बोटी, बर्फ, बायका. टोपलीमागे बसलेल्या, तशाच जाड्या, तशाच तोंडाळ. एकीने पहिलं गिऱ्हाईक केलं आणि ती नोट सगळ्या मासळीवरून फिरवली. अगदी आई करते तशी! बोहनी. मी तिथेच उभी राहिले. शब्द एक कळत नव्हता, पण कोण कोणाला फसवतंय ते सगळं कळत होतं.
इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

११ फेब्रु.
एक खाजगी शाळा. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, कडक. इंग्लिश त्यांना थोडंच, मध्ये नोक नावाची तरुण शिक्षिका अर्थ सांगते. नोक म्हणाली, दोन वर्षांत चार परदेशी मास्तर येऊन गेले. सातवीचा वर्ग परदेशी माणसासमोर तोंडच उघडत नाही. गुरुवारी एक तास घेऊन दाखवा, विषय 'बाजार'.
दिवस अठ्ठाविसावा. दुसरी कुठली शाळा हातात नाही. हे गेलं तर ओटा.

१४ फेब्रु. गुरुवार

सकाळी बंदरावर गेले. विषय बाजार, मग सामान नको? टोपलीभर घेतलं. बांगडे, माकूळ, चिंबोऱ्या दोरीने बांधून. आमच्याकडे पाहुण्याकडे जाताना मासळी नेतात, शाळेत नेऊ नये हे डोक्यातच आलं नाही. चपला बाहेर काढल्या, अनवाणी आत गेले, आणि त्या चकचकीत फरशीवर टोपली ठेवली.

पाणी गळत होतं. मोठ्या बाईंनी रुमाल नाकाला लावला. नोकने डोळे मिटले. मला सरांचं वाक्य आठवलं, शब्दन्शब्द. वाटलं, संपलं. उचलावी टोपली आणि थेट घरी जावं.

मग म्हटलं, घरी जायचंच आहे तर आधी विकून तरी जाऊ. फरशीवर बसले, मांडी घालून, आईसारखी. एक बांगडा उचलला आणि आईच्या आवाजात ओरडले, इंग्लिशमध्ये. फ्रेश फिश! कम, कम, लुक ॲट द आइज!

 मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. आली, उकिडवी बसली, बांगड्याचे कल्ले उघडून बघितले. मान हलवली आणि म्हणाली, "नॉट फ्रेश. येस्टर्डे."
मी चिडले, खरी चिडले. "टुडे! धिस मॉर्निंग!"
"नो. येस्टर्डे. आय नो. माय मदर सेल."

वर्गाला तोंड फुटलं. सगळे खाली आले. अर्ध्यांच्या आया बंदरावरच्या निघाल्या. एकाला माकूळ स्वस्त हवी, एकीला चिंबोरी मोठी हवी, टू स्मॉल, टू मच, यू लाय टीचर. मी ग्रामर सुधारलं नाही. मग त्या मुलीला माझ्या जागी बसवलं आणि मी गिऱ्हाईक झाले. तिने मला लुटलं. तास संपल्याची घंटा कोणी ऐकली नाही.
(बांगडा कालचाच होता. सकाळी बंदरावरच्या बाईने मला फसवलं. मला!)

१५ फेब्रु.
बोलावणं. मोठ्या बाई बराच वेळ थाईत बोलल्या. नोकने एवढंच सांगितलं, "ती मुलगी या शाळेत सात वर्षं आहे. मोठ्या बाईंनी तिचा आवाज काल पहिल्यांदा ऐकला."
मग मोठ्या बाई स्वतः इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "मे. यू कम. स्पीकिंग क्लास." आणि बोटाने दार दाखवत, "फिश, आउटसाइड."
स्पीकिंग! मे महिन्यापासून! मिळालं! मला! मच्छीबाजारासकट मिळालं! रस्त्याने एकटी हसत आले, लोक बघत होते, बघू देत.

१६ फेब्रु.
शेजारच्या फर्नांडिसकाकूंकडे फोन केला, आईला बोलावलं. सगळं सांगितलं.  तिचा एकच प्रश्न, "बांगडा कालचा हाय ते तुला नाय कलला?"
नाही कळला. "मंग तू वट्यावर काय बसनार," म्हणाली आणि फोन ठेवला. रडत होती की हसत, समजलं नाही.

१३ मार्च. पाचूबंदर
घरी. अठ्ठावन्नावा दिवस. नोकरीचा व्हिसा इथूनच काढायचा आहे. शाळेचं पत्र घेऊन आलेय, उद्या मुंबईला कागद देणार. नोक म्हणाली होती, भारतीय पासपोर्टला कधी देतात, कधी नाही.
सरांचा निरोप आला होता, स्पोकनची बॅच घेतेस का. नाही म्हणून कळवलं. अजून गोड लागतंय.

२५ मार्च
कागद देऊन अकरा दिवस, उत्तर नाही. घरात बसवेना, सकाळी आईबरोबर बाजारात गेले. म्हटलं, व्हिसा येईपर्यंत मी बसते, तू पाय पसर.
ओट्यावर जेसिंता बसली होती. आईची टोपली, आईचा पाट.

आईने ओटा तिला दिला, कायमचा; रोज सकाळी जायची ती तिला हात द्यायला. माझा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि मला कोणी बोललं नाही! मी आईला म्हटलं, अगं, व्हिसाचा अजून पत्ता नाही. नाही मिळाला तर मी करू काय? परत यायला काहीतरी ठेवायचंस ना.
"ठेवला आसता तं तू आली आसतीस," आई म्हणाली. आणि दंडाला धरून मला गिऱ्हाइकांच्या बाजूला उभं केलं.
तिच्यासमोर रडले. आवरलं नाही.

घरी जाताना सहा बोंबील घेतले. जेसिंताने पैसे मोजून घेतले आणि नोट टोपलीवरून फिरवली. बोहनी होती, ती कशी सोडेल.