आईच्या दाढेची कॅप आणि माझी इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय तेवीस, आमच्या घरातली पहिली पदवीधर, दातांच्या लॅबमध्ये धातूच्या कॅप घडवणारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. स्वयंपाकघरातून आई ओरडत आहे, तो दबाव धरू नये. मला कोणताही आजार नाही. प्रत्येक सज्ञान माणसाने मृत्युपत्र करावे, असे एका वकीलबाईंनी व्याख्यानात सांगितले. घरी येऊन मी सर्वांना कागद वाटले. कोणी पेन उचलले नाही, म्हणून सुरुवात स्वतःपासून करते.

घर माझे नाही. खिडकीजवळचे टेबल माझे आहे, ते बाबांना द्यावे. त्यांनी त्यावर पाय ठेवून पेपर वाचू नये, ही विनंती.

मेणाच्या सुऱ्या आणि स्पिरिटचा दिवा लॅबमधल्या मास्तरांना. कॅप आधी मेणात कोरायची, मग त्याच आकारात धातू ओतायचा, हे मला त्यांनी शिकवले.

पदवीचे प्रमाणपत्र काचेच्या चौकटीसह काकांना. "एवढं शिकून लोकांच्या तोंडात हात घालणार?" असे त्यांनी चारचौघांत विचारले होते. चौकट त्यांच्या खुर्चीसमोर, नजरेच्या उंचीवर लावावी. त्यांच्या तोंडातल्या दोन्ही कॅप मीच केल्या आहेत. त्या परत मागू नयेत.

आत्याला काही नाही. "वहिनी, तोंडात डब्याचं झाकण बसवून घेणार का गं?" असे तीच आईला म्हणाली आणि सगळे बिनसले.

आता मुख्य गोष्ट. माझ्या खोकल्याच्या औषधाचे झाकण दाढेने उघडताना आईची मागची दाढ अर्धी तुटली. डॉक्टरांनी नस काढून ती भरली, पण वर कॅप बसली नाही तर दाढ चिरेल आणि उपटावी लागेल. माप घेऊन झाले आहे. राहिला फक्त चावा. मऊ मेणाच्या पट्टीवर एकदा दात मिटले की कॅपची उंची ठरते. पट्टी पाहताच आई खुर्चीतून उठून गेली.

"हसले की लख्ख दिसेल सगळ्यांना! आणि माझं काय आता, तू तुझं बघ."

आई, मागची दाढ बघायला लोकांना तुझ्या तोंडात कंदील घेऊन शिरावे लागेल. अजून कॅप बसलीही नाही, तरी तू हसताना तोंडावर हात धरतेस. मला ते बघवत नाही.

म्हणून प्लास्टरच्या साच्यावर अर्धवट कोरलेली ती कॅप मी आईच्याच नावे करते. मी नसले तर मास्तरांनी ती पुरी करावी. चावा मात्र तिलाच द्यावा लागेल, त्याला वारस चालत नाही. तो मिळताच हे मृत्युपत्र रद्द समजावे.

स्थळ: खिडकीजवळचे टेबल. दिनांक: व्याख्यानानंतरचा पहिला रविवार.

सही: मी

साक्षीदार १: वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन. (सही)

साक्षीदार २: आत्या. हिला काहीच मिळणार नसल्याने साक्षीदार म्हणून चालते. (सही. खाली तिच्या अक्षरात: "झाकण म्हटलं ते मागे घेते. वहिनी, चाव गं एकदाची.")

ताजी नोंद: वरील मजकूर मोठ्याने वाचल्यावर आई हात पुसत बाहेर आली. "धडधाकट पोर मरणाचे कागद लिहितेय आणि तुम्ही सह्या कसल्या ठोकताय? आण ते मेण इकडे!" मेण कोमट पाण्यात तयारच होते. चावा रागात दिल्यामुळे खोल आणि उत्तम उमटला आहे.

मृत्युपत्र रद्द. बाबांनी टेबलावरून पाय काढावेत.