मिलवॉकीच्या मोल्डरची पत्रं

हॅम्बर्ग,
२ एप्रिल २००६

प्रिय भास्कर,

तुझं पत्र ईप्सिताच्या पत्त्यावर नीट पोचलं. आपल्या संपाला या मे महिन्यात पंचवीस वर्षं होतात, युनियन स्मरणिका काढतेय, आणि ‘श्रीपाद, पहिला लेख तुझाच हवा,’ असं तू हक्कानं लिहिलंस. त्याला तीन आठवडे झाले. रोज कागद घेऊन बसतो आणि उठतो.

तब्येत बरी आहे. पाऊस मात्र पाठ सोडत नाही. लेक सकाळी विद्यापीठात गेली की मी यू-बाननं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, बंदरावर जातो आणि फेरीबोटीत बसून राहतो. पास असला की कितीही फेऱ्या मारा, कुणी हटकत नाही. बेकरीतली बाई आता ओळखते. मी पावाकडे बोट दाखवलं की ती ‘गेनाऊ’ म्हणते, म्हणजे ‘बरोबर’, मीही ‘गेनाऊ’ म्हणतो. एवढंच आमचं बोलणं. ईप्सिताची आई, माझी सुधा, आज असती तर पोट धरून हसली असती.

ईप्सिताच्या पीएच.डी.बद्दल तू विचारलंयस. याच बंदरातून गेल्या-मागल्या शतकात जर्मन कामगार बोटी भरभरून अमेरिकेला गेले. त्यातले पुष्कळ विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी शहरात स्थिरावले. त्यांनी संघटना बांधल्या, वर्तमानपत्रं काढली, पुढं तर महापौरही समाजवादी निवडून आणला. आठ तासांच्या दिवसासाठी १८८६च्या मे महिन्यात तिथं संप झाला. पोलादाच्या गिरणीकडे निघालेल्या कामगारांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. आपण पिंपरीच्या फाउंड्रीच्या गेटवर आठ तासांवर तावातावानं बोलायचो, पण हे गाव काही आपल्याला ठाऊक नव्हतं.

तर इथल्याच आल्टोना भागातल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे पोरीला पत्रांचं खोकं मिळालं. बाईंच्या आजीचा भाऊ फ्रित्झ तिकडे मोल्डर होता. तुझ्यामाझ्यासारखाच साच्यात वाळू ठोकणारा. त्यानं बहिणीला पाठवलेली ही पत्रं. अक्षर जुन्या वळणाचं. ईप्सिता भिंग लावून वाचते आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात मला मराठीत सांगते. सुरुवातीला मजा यायची. गोठलेलं तळं, भट्टीची धग, रविवारची बीअर.

मग ती १८८६च्या पत्रावर आली. संप मोडल्यावर मालकानं फ्रित्झला बोलावून पुढाऱ्यांची नावं विचारली आणि त्यानं सांगितली. त्या माणसांना नंतर कुठल्याही कारखान्यानं दारात उभं केलं नाही. ‘मला कुणी मारलं नाही, धमकावलंही नाही,’ असं त्यानं लिहिलंय. ईप्सिता थांबून म्हणाली, “बाबा, मग सांगितलं कशाला असेल हो?” मी पाणी प्यायला उठलो.

चोवीस वर्षांनंतरचं पत्र याहून वाईट. समाजवादी निवडून आले, शहरभर बँड वाजत होते. ज्यांची नावं त्यानं दिली होती त्यातले दोघं त्याच्या दारात आले. जुना सोबती म्हणून त्याला मिरवणुकीत घेऊन गेले. ‘त्यांनी मला खांद्यावर घेतलं, आणि मी उतरवा म्हणू शकलो नाही,’ असं तो लिहितो. तेव्हापासून तो फ्रित्झ माझ्या शेजारी येऊन बसतो. बोटीत, ट्रेनमध्ये, जेवताना.

भास्कर, चारुदत्तच्या खोलीवर झालेली संपाची ती गुप्त बैठक आठवते ना? आपण चौदा जण होतो. आठवड्यात अकरा जणांना कामावरून काढलं. राहिलो तू, मी आणि चारू. कुणीतरी फितूर झालंय हे उघड होतं. खोली चारूची, नोकरी शाबूत चारूची, त्यात त्याचा मेहुणा ऑफिसात. गेटसभेत त्याला गद्दार ठरवून युनियनमधून काढायचा ठराव तू मांडलास. हात वर करा म्हणालास, तेव्हा पहिला हात माझा होता.

चारू नुसता माझ्याकडे बघत राहिला. मग गाव सोडून सांगलीला गेला, सायकलींचं दुकान टाकलं. चौऱ्याण्णव साली वारला तेव्हा युनियनचं कुणी फिरकलं नाही. मी गेलो होतो, लांब उभा होतो. लोक म्हणाले, श्रीपाद मोठ्या मनाचा.

नावं मी दिली होती. साहेबानं केबिनमध्ये बोलावलं, बसा म्हणाला, चहा मागवला. अहो-जाहो करून बोलला. नऊ वर्षांत त्या इमारतीत मला कुणी बसा म्हटलं नव्हतं. ईप्सिता दीड वर्षाची होती, घर होतं, हे सगळं मी नंतर स्वतःला सांगितलं. त्या वेळी मनात काहीच नव्हतं. विचारलं आणि मी बोलत गेलो. तुम्हा दोघांची नावं तेवढी गिळली, कारण तुम्ही माझे मित्र. ते करून मी चारूला वाचवलं असं मला वाटलं होतं.

काल हे सगळं ईप्सिताला सांगितलं. ती उठून खिडकीशी गेली. वाटलं, आता म्हणेल, परत जा. तिनं वही ओढली आणि विचारलं, “त्या अकरा जणांची नावं आठवतात?” सगळी आठवली, भास्कर, कारखान्यातल्या तिकीट नंबरांसकट. तिनं एकेक लिहून घेतलं. माझ्याकडे वर मात्र बघितलं नाही.

स्मरणिकेसाठी लेख म्हणून हेच पत्र छाप, काटछाट न करता. तू दचकून ते फाडशील अशी भीती वाटली, म्हणून याचीच एक प्रत आज सकाळी सांगलीला चारूच्या घरी स्नेहलतावहिनींच्या नावानं टपालात टाकली. पंचवीस वर्षं त्या माउलीनं गद्दाराची बायको म्हणून काढली. स्मरणिकेच्या सभेला आधी त्यांना बोलाव. त्या आल्या तर मी समोर येईन. नाही आल्या तर सांगलीला जाऊन दाराबाहेर उभा राहीन. अठ्ठावीस तारखेला मी पुण्यात उतरतोय. घ्यायला येऊ नकोस.

तुझा म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेला, तरीही तुझाच,
श्रीपाद