काट्यावरचा शेवटचा आकडा

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी लागोपाठ दोन पत्रं आली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. "ट्रकची चाकं फिरतात, मग तुझाच हात का अडतो?" असं लिहिलंयस. बोलणी मुकाट्याने खाल्ली. मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं, झोप जमेल तशी. मागचे दोन टायर नवे टाकले. तुझा गुडघा कसा आहे? ती जिन्यावरची खोली सोड आणि तळमजल्यावर ये म्हणून किती वेळा सांगितलं, पण माझं ऐकशील तर शपथ.

आता तू विचारलंस त्याबद्दल. ऐकलंस ते खरं आहे. नवी कंपनी सोडली आणि गाडी परत जुन्या कंपनीकडे लावली, कमी भाड्याने. सगळेच विचारतात की डोकं ठिकाणावर आहे का. जुन्या कंपनीतला बुकिंगवाला तर फिदीफिदी हसला. म्हणाला, "काय मालक, सोन्याची खाण बंद पडली वाटतं?" मी म्हटलं, "खाण चालू आहे, मीच बंद पडलोय." तोही हसला आणि मीही हसलो.

नव्या कंपनीकडे जायचं म्हणून दाजींच्या मागे वर्षभर मीच लागलो होतो, हे तुला माहीत आहे. गाडी दोघांच्या भागीत, चालवायची आलटून पालटून, मग निर्णयही दोघांचा. ते म्हणायचे, "अरे, इथली माणसं ओळखीची आहेत. एखादा दिवस उशीर झाला तर सांभाळून घेतात." मी त्यांना भित्रे म्हणायचो. तुझ्यासमोरही म्हटलंय.

कंपनी का सोडली ते सांगतो. तुला हसू येईल कदाचित. काट्यामुळे सोडली.

माल भरण्याआधी रिकामी गाडी वजनकाट्यावर घेतात आणि भरल्यावर पुन्हा घेतात. मधला फरक तो माल. रिकाम्या गाडीच्या वेळी ड्रायव्हरने खाली उतरायचं असतं, नाहीतर त्याचं वजन मालातून कापलं जातं. आपली गाडी रिकामी नऊ हजार दोनशे चाळीस किलो. दाजी गेल्यावर पंधरा दिवसांनी मी एकटा गाडी घेऊन निघालो, आणि पहिल्याच खेपेला काट्याने नऊ हजार तीनशे दहा दाखवलं.

वाटलं चिखल असेल. गाडी धुतली. मग ताडपत्री उतरवली, साखळ्या काढल्या, जादा टायर काढला. डिझेलची टाकीसुद्धा दर वेळी त्याच खुणेपर्यंत भरू लागलो. काढलेल्या सामानाएवढं वजन कमी व्हायचं, पण वरचे सत्तर किलो जागचे हलेनात. शेवटी केबिनमधल्या मागच्या झोपायच्या फळीवरची गादीही काढली. काटा बिघडलाय म्हणून हायवेवरच्या खासगी काट्यावर पैसे भरून वजन केलं. तिथेही तेच.

नव्या कंपनीच्या काट्यावर एक बाई बसते. चष्मा नाकावर, नजर कायम आकड्यांवर, गाडी कुणाची तेही बघत नाही. एका दुपारी खिडकीतून ओरडली, "दुसऱ्याला पण उतरवा!"

"दुसरं कोणी नाही."

"दादा, तीस वर्षं हेच करतेय मी. सामान असलं की आकडा गप्प बसतो. माणूस असला की शेवटचा आकडा हलत राहतो. जिवंत माणूस थोडाच दगडासारखा बसतो? हे बघा."

मी खिडकीशी जाऊन पाहिलं. तीनशे दहा, तीनशे पंधरा, पुन्हा तीनशे दहा. वारा नव्हता. गाडी बंद होती, दोन्ही दारं सताड उघडी, आत लख्ख ऊन. रिकाम्या सीटा तिथूनही दिसत होत्या. बाईने पहिल्यांदा मान वर करून तिकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पावती दिली.

त्यानंतर तिने मला कधीच काही विचारलं नाही. फक्त पावतीवर दर वेळी लिहायची, "ड्रायव्हरसह." मी तिच्यासमोर खाली उभा असायचो, ताई, आणि पावतीवर लिहिलेलं असायचं ड्रायव्हरसह.

म्हणून परत आलो. वाटलं, दाजींना हीच जागा आवडायची, इथे आणलं की सुटेल. आज सकाळी इथल्या काट्यावर गाडी घेतली. नऊ हजार तीनशे दहा, आणि शेवटचा आकडा हलतोय. यार्डातल्या बाकावर बसून हे लिहितोय. गाडी समोर उभी आहे. तिच्याकडे पाठ करून बसायची हिंमत होत नाही.

तू प्रत्येक पत्रात लिहितेस की ते झोपेत गेले, त्यांना काही कळलं नाही, एवढंच समाधान. ते वाचलं की माझं पेन अडतं. कारण ते मी तुला सांगितलं होतं, आणि ते खोटं आहे.

ती नव्या कंपनीची पहिली खेप होती. चाचणीची. दोनच्या आत गेटवर पोहोचलो तरच वाढीव भाडं ठरणार होतं. पाऊण वाजता दाजी मागच्या फळीवरून उठले, घामाने चिंब. छाती धरून म्हणाले, "गाडी बाजूला घे रे. तो बघ, दवाखान्याचा बोर्ड." मी म्हटलं, "गॅस झालाय, पाणी प्या. तासभर कळ काढा, मग कुठेही नेतो." ते चिडले नाहीत. "बरं," म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले. बोर्ड डाव्या हाताला मागे गेला. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, म्हणून मी रेडिओ मोठा केला.

दहा मिनिटं आधी पोहोचलो. कागदांवर सह्या केल्या, मॅनेजरने हात मिळवला. "दाजी, भाडं मिळालं!" म्हणत मी केबिनमध्ये चढलो.

काटेवाली बाई खोटं बोलली नाही. आत जिवंत माणूस होता. तासाहून जास्त वेळ होता, आणि मला ते माहीत होतं.

तुझं समाधान आज मी काढून घेतलं. मला फार भीती वाटते, ताई. गाडीची वाटते आणि तुझी त्याहून जास्त.

रविवारी सकाळी गाडी घेऊन तुझ्या दारात येतो. माझ्याशी बोलू नकोस, तोंडही बघू नकोस, चालेल. फक्त एकदा केबिनपाशी ये. त्यांना "उतरा आता" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तू म्हटलंस तर ते ऐकतील.

गाडी न थांबवलेला,
तुझा धाकटा भाऊ