आपलं गाव यादीत

बाबा,

आपल्या गावाचं नाव मी यादीत घातलं. हे आधी सांगते, कारण बाकीचं सगळं त्याच्यामागून येतं. ज्या गावांत जमिनीखालचं पाणी उपसून फार खाली गेलंय, तिथे नव्या विहिरीला बँकेचं कर्ज देऊ नये, अशी शिफारस आमचं खातं करतं. यंदा नरखेड तालुका माझ्याकडे होता. दादाचा अर्ज बँकेत पडून आहे, हे मला ठाऊक होतं. जुन्या विहिरीचं पाणी होळीनंतर पुरत नाही, संत्र्याची झाडं शेंड्याकडून वाळत चालली आहेत, आणि त्याला खालच्या वावरात नाल्याच्या अंगाला नवी विहीर खणायची आहे.

आपल्या विहिरीवर मोटर बसली तेव्हा मी नागपूरला कॉलेजात होते, सुट्टीत आले होते. अजून डोळ्यांसमोर आहे: तुम्ही पाटाजवळ उभे आहात, बैल गोठ्यात रिकामे रवंथ करताहेत, आणि मोट सुटल्यामुळे हातांचं काय करावं हे तुम्हाला कळत नाहीये. पुढे मी भूगर्भशास्त्र घेतलं, मग पाण्याचाच अभ्यास करायला उत्तरेकडे गेले, तेव्हा शेजारचे काका तुम्हाला म्हणाले होते, "पोरीले पाण्याचं काय शिकवून राहिले गा? पाणी तं बाया तशाबी भरतेत." तुम्ही म्हणालात, "त्या भरतेत, हे मोजीन." नोकरीच्या पहिल्या वर्षीच तुम्ही गेलात. मी मोजलेली एकही विहीर तुम्ही पाहिली नाहीत.

रागावलात तुम्ही मला एकदाच, मी लहान असताना. बहार धरायला संत्र्याचं पाणी तोडलं होतं, ताणाचे दिवस होते, पानं सुकून मुडपली होती. मला ते बघवेना. मी एका झाडाच्या आळ्यात गुपचूप कळशी ओतली. ओली माती पाहून तुम्ही मला तिथे नेऊन उभं केलंत. "काहून केलं वं? दया आली? याले आता नुसती पानं येतीन." तसंच झालं. बाकीची बाग फुलांनी पांढरी झाली, तेवढं एक झाड हिरवंगार राहिलं.

यादी तयार झाली तेव्हा आमचे साहेब हसून म्हणाले, "म्याडम, स्वतःच्या घरचं गाव कोणी टाकते का? पुढच्या वर्षी पाहू ना." ते वाईट हेतूने म्हणाले नाहीत. चहाही मागवला माझ्यासाठी. पण त्यानंतर मला झोप लागेना, कारण वेगळीच शंका आली. हे गाव मी खरंच पाणी खाली गेलंय म्हणून घालते आहे, की घरच्यांनाही सोडत नाही हे दाखवायला? म्हणून मे महिन्यात पुन्हा गेले, आपल्या विहिरीत मोजायचा टेप सोडला, शेजाऱ्यांच्या विहिरींतही सोडला. पाणी खाली गेलेलंच होतं, बाबा. शंका मात्र तशीच राहिली.

दादाला मीच सांगायचं ठरवलं. ओसरीवर बसलो होतो. तो म्हणाला, "म्हंजे तुह्या सहीनं माही विहीर बंद."

"विहीर नाही दादा, कर्ज."

"अन् कर्जाबिगर विहीर काय आभायातून पडते?"

आतून वहिनी म्हणाली, "तिले चहा तं पिऊ द्या." मी त्याला समजावत राहिले, की नव्या विहिरीला येणारं पाणी नवं नसतं, ते शेजाऱ्याच्या विहिरीतलंच ओढलं जातं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताण झाडाले देतेत, बाई. माणसाले नाही देत."

 मी म्हटलं, "बाबा असते तर मला म्हणाले असते, सही कर."

दादाने विचारलं, "तसं बोलले होते तुह्यापाशी?"

मी मान हलवून हो म्हटलं.

"मंग झालं," तो म्हणाला. "पाण्याचं ते तुह्याशीच बोलत. आमाले तं नुसतं काम सांगत." मोटरसायकलवर त्याने मला एस.टी.पर्यंत सोडलं आणि गाडी सुटेपर्यंत उन्हात उभा राहिला. तेव्हापासून त्याचं पत्र नाही. बँकेत जाऊन त्याने अर्ज मागे घेतला, हे मला वहिनीच्या भावाकडून कळलं. भांडला असता तर बरं झालं असतं.

आज रविवार आहे. ऑफिसात निदान कोणी तरी म्याडम म्हणून हाक मारतं. इथे क्वार्टरमध्ये कूलर घरघरतो, त्यात मी बादलीने पाणी ओतते आणि ते मोजत नाही. शिफारस बरोबर आहे, उद्या पुन्हा लिहायला सांगितली तरी तीच लिहीन. पण दादाने ती माझ्या आकड्यांसाठी मानली नाही. त्याने तुमचा शब्द मानला, आणि तो शब्द तुम्ही दिलेलाच नव्हता. यावर आपलं कधी बोलणं झालं नाही. तुम्ही काय म्हणाला असता, मला माहीत नाही. कदाचित म्हणाला असता, भावाचं झाड वाचव आधी.

हे खरं तर दादाला लिहायला हवं. तुम्हाला लिहिते आहे, कारण तुमचं उत्तर येणार नाही.