धक्का एर्वानला, डेन्झिलला परवानगीचा अर्ज

मी, केरेन्झा ले गोफ, माहेरची पेनहॅलो, वय चौऱ्याहत्तर, राहणार पोर्थवीन, कॉर्नवॉल, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा धाकटा भाऊ डेन्झिल उद्या म्हणेल की म्हातारी भ्रमिष्ट झाली होती. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत डेन्झिलला बरेच काही होते.

१. राहते घर डेन्झिलची मुलगी टॅमसिन हिला द्यावे. माझे पती यान तरुणपणी फ्रान्सहून खेकडे विकत घ्यायला आले आणि माझ्यासाठी इथेच राहिले. देशाने युरोपीय संघ सोडायचे ठरवल्यावर, सगळी उमर इथे काढलेल्या त्या माणसाला इथे राहण्यासाठी अर्ज करावा लागला. तेव्हा टॅमसिनच त्यांच्याशेजारी बसून कागद जोडत होती. बापाला तिने घरात घ्यावे की नाही, हे तिने ठरवावे. माझे मत तिला ठाऊक आहे.

२. होड्या बांधायचा माझा धक्का आणि त्यालगतची जागा यानचा फ्रान्समधला पुतण्या एर्वान याला द्यावी.

याचे कारण लिहिणे भाग आहे. संघ सोडण्याच्या मतदानाचा निकाल लागला त्या सकाळी डेन्झिल याच धक्क्यावर, सगळ्यांसमोर ओरडला, "यान, भर रे बॅग! आता आपले नियम आपण करणार!" लोक हसले. यानही हसले. घरी येऊन त्यांनी चहा घेतला नाही.

पुढे संघ सुटला. पहिल्याच हिवाळ्यात डेन्झिलचे फ्रान्सला निघालेले खेकडे नव्या कागदपत्रांपायी बंदरात अडकून मेले. मग तो आमच्या दारात आला.

"यान, तुझ्या पुतण्याला एक फोन कर ना. तिकडचे कागद तोच बघेल."

मी म्हणाले, "आता का? कर की तुझे नियम!"

यान म्हणाले, "केरा, राहू दे." आणि त्यांनी फोन केला. डेन्झिलचा पुढचा माल फ्रान्सला पोचला. त्या आठवड्यात तो दारूच्या गुत्त्यात सांगत होता, "बघा, फ्रेंचांना आपल्याशिवाय करमत नाही!"

डेन्झिलची होडी आजवर माझ्या धक्क्याला फुकट बांधली जाते. माझ्यानंतर त्याने दरवर्षी एर्वानकडे लेखी परवानगी मागावी. अर्ज फ्रेंचमध्ये करावा. भाषांतर टॅमसिनने करू नये. एर्वानने नकार दिल्यास होडी त्याच दिवशी सोडावी.

३. यानची जाळी, दोर आणि खेकड्यांचे पिंजरे गावातल्या कोणाही होतकरू कोळ्याला द्यावेत. डेन्झिलला एक गाठसुद्धा देऊ नये.

४. डेन्झिलला खालील कारणास्तव काहीही नाही. त्याच्या मताचा मला राग नाही. यानच्या अंत्यविधीत तो माझा खांदा धरून, डोळे पुसत म्हणाला, "जवळजवळ आपल्यातलाच होता गं." त्याला वाटले, तो कौतुक करतोय. ते "जवळजवळ" मी रोज चावते आहे, अजून गिळले गेलेले नाही.

५. मला यानशेजारी पुरावे. डेन्झिलला येऊ द्यावे, मागच्या बाकावर बसू द्यावे, बोलू देऊ नये. पाद्रीबाबांना सांगितले आहे. ते म्हणाले, "केरेन्झा, क्षमा कर त्याला." मी म्हणाले, "तुम्ही करा. तुमचा तो पेशा आहे."

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

सही: केरेन्झा ले गोफ

साक्षीदार:
१. मेरिऑन जागो, पोस्टवाल्या. (यांनी संघ सोडण्याच्या बाजूनेच मत दिले होते. धक्क्यावर लोक हसले त्या दुपारी या केशर घातलेले गोड पाव घेऊन आल्या आणि यानना म्हणाल्या, "मी मत दिलं ते तुम्ही जावं म्हणून नाही हो." याननी दोन पाव खाल्ले. म्हणून यांची सही मला हवी होती.)
२. पास्को नॅन्स, शेजारी.

पोर्थवीन, ९ ऑक्टोबर २०२३